पखवाज, दोन लॅपटॉप आणि एक मिडी केबल: अभंगाच्या प्रयोगाचं सेटअप कसं बसलं

पार्श्वभूमी

पुण्यातला एक छोटा ग्रुप. नावं कुणाचीच देत नाहीये, तसं आधीच ठरलंय. गाणारी ताई, पखवाजावर एक काका ज्यांचा हात वारकरी भजनात तयार झालाय, टाळ वाजवणारा एक मुलगा, लॅपटॉपवर ड्रोन, पॅड, सॅम्पल आणि थोडे बीट सांभाळणारा दुसरा मुलगा, आणि मागच्या पडद्यावर व्हिज्युअल्स चालवणारी एक मुलगी. साधारण तासाभराचा प्रयोग, संतांचे अभंग, शेवटी गजर. चाली पारंपरिकच ठेवलेल्या, इलेक्ट्रॉनिक आवाज आजूबाजूला.

सामान असं होतं: एक विंडोज लॅपटॉप, त्यावर एबलटन लाइव्हची स्टँडर्ड आवृत्ती (आवाज वाजवायचं सॉफ्टवेअर, पुढे नुसतं लाइव्ह म्हणेन) आणि रेझोल्यूम अव्हेन्यू (पडद्यावर व्हिडिओ चालवायचं). पडदा एकच, प्रोजेक्टर एकच, प्रोजेक्शन मॅपिंग वगैरे काही नाही, त्यामुळे अरीना ही त्याचीच मोठी आवृत्ती घ्यायची गरज नव्हती. कंट्रोलर, म्हणजे सॉफ्टवेअर हाताने चालवायच्या बटण-नॉबच्या पेट्या, दोन: अकाईचा एपीसी४० एमके२ आणि कोर्गचा नॅनोकंट्रोल२. शिवाय दोन माइकचा साधा ऑडिओ इंटरफेस, ज्याच्या मागे पाच पिनचे मिडी (वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांना 'ही नोट वाजव, हा नॉब फिरला' असे निरोप पाठवतात ती पद्धत) इन-आउट होते पण आजवर कुणी त्यात काही खुपसलं नव्हतं. मला बोलावलं ते वायरिंग आणि मॅपिंगसाठी, म्हणजे कुठल्या बटणाने काय व्हायचं ते बांधून देण्यासाठी.

त्यांच्या डोक्यातलं चित्र स्पष्ट होतं आणि ऐकायला सोपं होतं. एपीसीवर एक बटण दाबलं की आवाजही बदलावा आणि पडद्यावरचं चित्रही, आणि दोन्ही अगदी समेवर.

नेमकी अडचण

पहिली अडचण लगेच दिसली. लाइव्ह चालू असताना रेझोल्यूममधे एपीसी दिसायचा, पण त्याचं काहीच पोचायचं नाही, आणि रेझोल्यूम आधी चालू केलं तर लाइव्ह तक्रार करायचं की पोर्ट उघडता येत नाही. ह्यात बिघाड कसलाच नाही. विंडोजवर जुन्या पद्धतीच्या मिडी ड्रायव्हरमधे एक पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो, ज्याने आधी धरला त्याचा. (काही कंपन्यांचे स्वतःचे ड्रायव्हर ह्याला अपवाद असतात, आणि मायक्रोसॉफ्टची जी नवीन मिडी सर्व्हिस आहे ती ही अडचण काढण्यासाठीच बनवलीये, पण ह्या लॅपटॉपवर ती नव्हती.) मॅकवर हा प्रश्नच येत नाही, तिथे एकच पोर्ट कितीही प्रोग्राम ऐकू शकतात. म्हणून यूट्यूबवर कुणाचं तरी मॅकवरचं सेटअप बघून तसंच्या तसं विंडोजवर करायला गेलं की माणूस हमखास अडकतो, आणि हेच इथे झालं होतं.

दुसरी अडचण नॅनोकंट्रोलची. तो मित्राकडून आणलेला, त्याने तो दुसऱ्या एका सॉफ्टवेअरसाठी वापरलेला. रेझोल्यूममधे मॅपिंग करताना नॉब ठीक वाटायचे पण फेडर विचित्र वागायचे. मिडी-ऑक्स (मिडीचे निरोप दाखवणारा मॉनिटर प्रोग्राम) लावून बघितलं तर फेडर सीसीऐवजी, म्हणजे नॉब-फेडरच्या नेहमीच्या निरोपाऐवजी, पिच बेंड हा दुसराच निरोप पाठवत होते, म्हणजे डिव्हाइस रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसाठीच्या डॉ मोडमधे होतं. यूएसबी लावताना सेट आणि सायकल ही दोन बटणं दाबून धरली की तो साध्या सीसी मोडमधे येतो, मग फेडर शून्य ते सात नंबरच्या सीसीवर आणि नॉब सोळापासून तेवीसपर्यंत, सरळ हिशोब. कुठलाही उसना कंट्रोलर हातात आला की मॅपिंगला बसायच्या आधी मॉनिटरवर तो खरंच काय पाठवतोय ते बघायचं, ह्यावर मी फार ठाम आहे, पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढची अख्खी संध्याकाळ वाचते.

तिसरी अडचण लॅपटॉपच्या ताकदीची. दोन्ही प्रोग्राम एकत्र, व्हिडिओचे तीन लेयर, आणि ऑडिओ बफर १२८ सॅम्पल. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे अडीच मिलिसेकंदाच्या जरासं वर. एवढ्या वेळात प्रोसेसरला प्रत्येक तुकडा तयार करून द्यायचा असतो, आणि रेझोल्यूमने जड इफेक्ट सुरू केला की ड्रोनमधे चट् चट् आवाज. बफर ५१२ केला की आवाज साफ, पण मग ताईचा आवाज जो लाइव्हमधून रिव्हर्ब होऊन परत येत होता तो तिला मागे ओढल्यासारखा वाटायला लागला.

आणि चौथी अडचण, जी त्या लोकांनी अडचण म्हणून सांगितलीच नव्हती, ती लयीची. खरं सगळं प्रकरण हिच्याभोवतीच फिरलं. तालमीचं रेकॉर्डिंग घेऊन मी टॅप टेम्पोवर ठोकत बसलो तर भजनी ठेका सुरुवातीला जिथे होता तिथून गजरापर्यंत जवळजवळ दुप्पट लयीला जात होता, आणि तोही एकदम नाही, सरकत सरकत. शिवाय ताई ध्रुवपद किती वेळा घेईल ह्याचा काही नेम नाही. कधी दोनदा घेऊन चरणावर गेली, कधी एकच ओळ आळवत राहिली. तिला विचारलं तर म्हणाली, "ते मला तरी आधी कुठे माहीत असतं." आता एकीकडे हे, आणि दुसरीकडे लाइव्हमधे बसवलेली सीन (एका बटणाने एकत्र सुरू होणाऱ्या क्लिपची ओळ), ठरलेले बार (मात्रांचे गट), फॉलो अ‍ॅक्शन (एक क्लिप झाली की आपोआप पुढची), सगळं ९० बीपीएमला चिकटवलेलं.

पुढे असलेले पर्याय

पहिला: काकांच्या कानात क्लिक द्यायचा. सगळ्यात सोपा, अर्धे फ्युजन बँड असंच करतात. काकांनी एकदा हेडफोन घालून वाजवून बघितलं, आमच्या आग्रहाखातर, आणि मग हेडफोन काढून ठेवत म्हणाले, "बाळा, कानात टिकटिक असली की मला ताईचा श्वास ऐकू येत नाही." भजनात पखवाजवाला गाणाऱ्याच्या श्वासावर असतो, तो कधी ओळ सोडणार, कधी उचलणार ते तिथून कळतं. हा पर्याय तिथेच संपला आणि संपला ते बरंच झालं.

दुसरा: एकच लॅपटॉप ठेवायचा आणि मधे लूपमिडी घालायचं. लूपमिडी म्हणजे विंडोजवर खोटा मिडी पोर्ट बनवणारा फुकट प्रोग्राम, एपीसी फक्त लाइव्हला द्यायचा आणि लाइव्हमधून एक मिडी ट्रॅक त्या खोट्या पोर्टवर, तिथून रेझोल्यूममधे. पोर्टचं भांडण मिटतं. पण लॅपटॉपवरचा भार तसाच राहतो.

तिसरा: ओएससी, म्हणजे मिडीसारखेच निरोप नेटवर्कवरून पाठवायची पद्धत. रेझोल्यूम ओएससी ऐकतं, लाइव्हमधून ते पाठवायची, मॅक्स फॉर लाइव्ह ह्या जोड-सॉफ्टवेअरवर चालणारी डिव्हाइसही मिळतात, आणि मिडीच्या शून्य ते १२७ ह्या पायऱ्यांपेक्षा ते खूप बारीक असतं. पण मॅक्स फॉर लाइव्ह स्टँडर्डमधे येत नाही, वेगळं घ्यावं लागतं, आणि ह्या प्रयोगात एवढं बारीक काही पाठवायचंच नव्हतं.

चौथा: दोन लॅपटॉप आणि मधे नेटवर्क, म्हणजे आरटीपी-मिडी (नेटवर्कवरून मिडी) किंवा एबलटन लिंक (नेटवर्कवरून टेम्पो जुळवणारं). घरी हे करून बघितलं. दोन लॅपटॉप सरळ लॅन केबलने जोडले की विंडोज त्या नेटवर्कला अनोळखी म्हणून पब्लिकमधे टाकतं आणि फायरवॉल दार लावून घेते, मग नेटवर्क प्रायव्हेट करा, आरटीपी-मिडीचे ५००४ आणि ५००५ हे पोर्ट मोकळे करा, हे सगळं करता येतं, केलंही. पण हॉलमधे दोन तास मिळणार, त्यात दिवे, माइक, साउंडचेक, आणि काही अडलं तर ते सोडवणारा मी एकटा.

पाचवा, आणि सुरुवातीला सगळ्यांनी हसण्यावारी नेलेला: दोन लॅपटॉप आणि मधे जुनी पाच पिनची मिडी केबल. ऑडिओ इंटरफेसच्या मिडी आउटमधून निघायचं, व्हिज्युअल्सच्या लॅपटॉपला एक यूएसबी-मिडी अडॅप्टर.

काय ठरलं आणि का

पाचवा घेतला. लॅपटॉप दुसरा मिळू शकत होता, व्हिज्युअलवाल्या मुलीचा स्वतःचा, ग्राफिक्स कार्ड असलेला, फक्त तिला तो "कामाचा" म्हणून आणायचा नव्हता. तिला पटवलं.

केबल का, तर कारणं अगदी व्यवहारी आहेत. १९८३ सालचं हे स्टँडर्ड, सेकंदाला ३१,२५० बिट. एक बाइट पाठवायला स्टार्ट-स्टॉप धरून दहा बिट, एका नोटला तीन बाइट, म्हणजे एक नोट पोचायला जेमतेम एक मिलिसेकंद. व्हिडिओ ३० फ्रेमचा असेल तर एक फ्रेमच ३३ मिलिसेकंदाची असते, तेव्हा इथे वेगाचा प्रश्न नाही. केबल १५ मीटरपर्यंत चालते, आमचं टेबल स्टेजच्या कडेलाच होतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मिडीच्या इनपुटला ऑप्टोआयसोलेटर असतो, म्हणजे दोन मशीनमधे सरळ विजेची जोडणी होतच नाही. लॅपटॉपचे चार्जर, प्रोजेक्टर, मिक्सर हे सगळे वेगवेगळ्या सॉकेटवर असताना जो ५० हर्ट्झचा गुंऽऽ येतो तो ह्या केबलवाटे येऊ शकत नाही. ड्रोनच्या प्रयोगात तो गुंगाट तर ड्रोनमधेच मिसळून जातो आणि साउंडवाल्यालाही पटकन सापडत नाही.

दुसरा निर्णय, कोणता कंट्रोलर कुणाचा. एपीसी फक्त लाइव्हचा, नॅनो फक्त रेझोल्यूमचा. लॅपटॉपवाल्या मुलाला एपीसीच्या उरलेल्या नॉबवर पडद्याचे दोन इफेक्ट हवे होते, मी नको म्हणालो. एकाच चित्राला दोन हात लागले की काहीतरी चुकलं तर कुणाच्या हाताने चुकलं हेच अंधारात कळत नाही.

तिसरा निर्णय सगळ्यात वादाचा. सगळ्यांना मिडी क्लॉक हवं होतं, म्हणजे लाइव्हचा टेम्पो रेझोल्यूमला जाईल आणि चित्रं ठेक्यावर हलतील. क्लॉक एका क्वार्टर नोटला, म्हणजे आपल्या हिशोबात एका मात्रेला, २४ ठोके पाठवतं, तो काही प्रश्न नाही, पण ते ठोके लाइव्हच्या टेम्पोचे असतात, काकांच्या हाताचे नाहीत. लाइव्ह ९० वर आणि पखवाज ९६ वर गेला की पडदा इमानदारीत चुकीच्या जागी हलत राहणार. पायाने टॅप टेम्पो देऊन बघितलं तर लयीबरोबर जाता येतं, पण प्रत्येक टॅपला टेम्पो थोडा मागेपुढे होतो आणि वॉर्प केलेले (टेम्पोला जुळवून घेणारे) लूप ताणल्यासारखे वाजतात, ते ताईला सहन होईना, आणि तिचं बरोबर होतं.

मग प्रयोगाचे तीन भाग पाडले. पहिला भाग आलापी आणि सुरुवातीचे संथ अभंग, तिथे टेम्पो नाहीच, लाइव्हमधे फक्त ड्रोन आणि पॅड, क्वांटायझेशन बंद, बटण दाबलं की त्याच क्षणी वाजणार. मधला एकच अभंग असा की जिथे बीट आधी सुरू होतो आणि काका त्यावर येतात, तिथे क्लॉक चालू, आणि काकांना हे मान्य होतं कारण बीट स्पीकरमधून ऐकू येत होता, कानात घुसत नव्हता. तिसरा भाग गजराकडे जाणारा, तिथे सगळे लूप काढून टाकले. ह्याला मुलाचा जीव तुटला, त्याने खूप मेहनतीने बनवलेले होते ते. पण गजरात टाळ-पखवाज असताना लूपला जागाच नसते, आणि त्याने एकदा बाजूला बसून नुसतं ऐकल्यावर स्वतःच ते मान्य केलं.

गजरात पडदा कशावर हलणार? तर पखवाजाच्या माइकवर. रेझोल्यूमला बाहेरचा ऑडिओ देता येतो आणि त्यातला खालचा, मधला, वरचा असा कुठलाही पट्टा एखाद्या पॅरामीटरला बांधता येतो. मिक्सरमधून पखवाजाचा एक ऑक्स (वेगळं आउटपुट) व्हिज्युअल्सच्या लॅपटॉपला घेतला, खालचा पट्टा एका लेयरच्या आकाराला बांधला. धुमावर, म्हणजे पखवाजाच्या खर्जाच्या तोंडावर, थाप पडली की चित्र फुगतं. टेम्पो मोजायची गरजच उरली नाही.

बांधणी

लाइव्हमधे एक रिकामी मिडी ट्रॅक, तिचं आउटपुट इंटरफेसच्या मिडी आउटवर. ज्या सीनला चित्र बदलायचं त्या सीनमधे ह्या ट्रॅकवर एक क्लिप, क्लिपमधे एकच नोट. ती नोट रेझोल्यूममधे एका कॉलमला (एकत्र सुरू होणाऱ्या व्हिडिओ क्लिपचा उभा गट) शिकवलेली. नोटच्या नावावर जाऊ नका, लाइव्ह ६० नंबरला सी३ म्हणतं, दुसरं सॉफ्टवेअर त्यालाच सी४ म्हणेल, नंबर धरा किंवा सरळ लर्न करा.

इथे एक गंमतीशीर दिसणारी पण छळणारी गोष्ट झाली. पहिल्या अभंगात नदीचा एक संथ शॉट होता, तो दर काही सेकंदांनी पहिल्यापासून सुरू व्हायचा, धाप लागल्यासारखा. व्हिज्युअलवाली म्हणे व्हिडिओ बिघडलाय, मुलगा म्हणे रेझोल्यूम बिघडलंय. कारण एवढंच होतं की ती एक नोट असलेली क्लिप लाइव्हमधे लूपवर होती, लाइव्ह नवीन क्लिप लूप चालू ठेवूनच बनवतं, त्यामुळे दर बारला तीच नोट परत जात होती आणि रेझोल्यूम बिचारं दरवेळी तोच कॉलम परत उडवत होतं. सगळ्या क्लिपचं लूप बंद केलं, झालं.

मधल्या अभंगात चित्र एक अख्खा बार उशिरा यायचं. लाइव्हचं क्वांटायझेशन एक बार आणि रेझोल्यूममधे क्लिपवर बीट स्नॅपही एक बार, म्हणजे लाइव्ह समेची वाट बघून नोट सोडणार आणि रेझोल्यूम ती सम किंचित हुकली म्हणून पुढच्या समेची वाट बघणार. वाट एकानेच बघायची. रेझोल्यूमचा स्नॅप काढला.

तरीही "मिडी उशिरा येतंय" ही तक्रार राहिलीच, आणि फक्त काही क्लिपच्या बाबतीत. मिडीला क्लिप कुठली हे काय माहीत, सगळ्यांना तेवढाच वेळ लागायला हवा. ज्या क्लिप अडखळत होत्या त्या सगळ्या मोबाइलवरून आलेल्या एच-२६४ फाइल निघाल्या. तो फॉरमॅट सलग बघण्यासाठी ठीक आहे, पण अधूनमधून झटकन सुरू करायला, उलटा फिरवायला त्रास देतो. रेझोल्यूमचा स्वतःचा डीएक्सव्ही कोडेक ग्राफिक्स कार्डवर उघडतो, अ‍ॅली नावाच्या त्यांच्याच फुकट प्रोग्राममधून सगळ्या फाइल बदलून घेतल्या. फाइल बऱ्याच मोठ्या झाल्या, पण तक्रार गेली.

फेडरचं एक प्रकरण तालमीत घडलं ते सविस्तर सांगतो कारण ते कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं. एका अभंगाच्या शेवटी मुलीने दुसऱ्या लेयरचा फेडर वर ठेवून, तो लेयर माउसने शून्यावर नेला. पुढच्या अभंगाची आलापी चालू, पडदा काळा, ताईचा पहिला सा लागलेला, आणि मुलीने हळूहळू चित्र आणायला तोच फेडर जरासा हलवला. फेडर वर होता, त्यामुळे रेझोल्यूमला ११० की काहीतरी आकडा गेला आणि पांढऱ्या ढगांचा शॉट एकदम पूर्ण उजेडात पडद्यावर आदळला. ताई डोळे मिटून गात होती तरी दचकली. ह्या कंट्रोलरच्या फेडरला मोटर नसते, सॉफ्टवेअरमधली किंमत बदलली तरी फेडर होता तिथेच राहतो. लाइव्हमधे ह्याला उपाय सेटिंगमधेच आहे, टेकओव्हर मोड पिक-अपवर ठेवला की फेडर खऱ्या किमतीला जाऊन मिळेपर्यंत काही होत नाही, तो तिथे लावला. रेझोल्यूमच्या बाजूला आम्ही नियमच केला: शो चालू असताना माउसने लेयर हलवायचा नाही, अभंग संपला की सगळे फेडर हाताने खाली, मगच पुढचा. शिवाय नॅनोचं एक बटण फक्त पडदा काळा करण्यासाठी राखून ठेवलं, त्यावर लाल टेप.

क्यू शीट, म्हणजे कधी काय दाबायचं तो तक्ता, मुलाने आधी बार नंबरने बनवली होती. ती फेकून ओळींनी बनवली. डाव्या बाजूला अभंगाची ओळ, उजव्या बाजूला बटण. "दुसऱ्या चरणाचा शेवट, ताई खाली उतरली की सीन ४." फॉलो अ‍ॅक्शन सगळ्या बंद. त्यामुळे त्या मुलाला आता अभंग पाठ आहेत, जे आधी नव्हते, आणि तो ताईकडे बघून वाजवतो, स्क्रीनकडे बघून नाही.

हॉलमधे

आधीच्या रात्री मुलीने रेझोल्यूममधे मधेच एक नवीन कॉलम घातला आणि पुढचे सगळे क्यू एकेक घर सरकले. शॉर्टकट जागेला बांधलाय की त्या क्लिपला, हे रेझोल्यूममधे निवडता येतं, आमचे जागेला बांधलेले होते. सुदैवाने साउंडचेकच्या आधी सगळे क्यू ओळीने दाबून बघायचं ठरलेलं होतं म्हणून सापडलं, आणि नवीन कॉलम शेवटी नेऊन टाकला.

हॉलमधे टेबल उलट्या बाजूला मिळालं म्हणून केबल फिरवून दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावल्या आणि नॅनो गप्प. विंडोजवर तेच डिव्हाइस दुसऱ्या पोर्टला लावलं की पुष्कळदा नावापुढे आकडा लागतो, त्याला ते नवीनच डिव्हाइस वाटतं, आणि जुन्या नावावर केलेलं मॅपिंग अनाथ होतं. परत मूळ पोर्टला लावलं, लगेच चालू. तेव्हापासून पोर्टवर आणि केबलवर एकाच रंगाची टेप. यूएसबी हब स्वतःचा अडॅप्टर असलेलाच वापरला, कारण एपीसी यूएसबीवरच चालतो, इतके दिवे लावलेला कंट्रोलर, त्याला वीज लागते. पॉवर सेटिंगमधे यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड दोन्ही लॅपटॉपवर बंद केलं.

काय झालं

प्रयोग पार पडला आणि चांगला पार पडला. मिडी केबलने काही म्हणजे काही त्रास दिला नाही, पहिल्या भागात ताईने एक ओळ तालमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ आळवली आणि कुणाचंच काही बिघडलं नाही, मुलगा नुसता बोट बटणावर ठेवून तिच्याकडे बघत बसला, चित्र तिथेच थांबून राहिलं. मला तो क्षण फार आवडला. आधीच्या सेटअपमधे तोपर्यंत तीन सीन पुढे निघून गेले असते.

मधल्या अभंगात नॅनोची मिनी यूएसबीची केबल सैल होऊन तो बंद पडला. मुलीने कीबोर्डवर ठेवलेले शॉर्टकट वापरले, तेच कॉलम आकड्यांवर बांधून ठेवले होते, प्रेक्षकांना कळलं नाही. ते एक-दोन अभंग तिने फेडरशिवाय काढले.

गजरात मात्र अर्धंच जमलं. सुरुवातीला धुमाच्या थापेवर चित्र छान हलत होतं, पण टाळ जोरात गेले तसे ते पखवाजाच्या माइकमधे शिरले, वरच्या पट्ट्याला बांधलेली चमक सतत चालूच राहिली आणि तिचा अर्थच गेला. शिवाय प्रयोग पुढे जाईल तशी धुमाला लावलेली कणीक वाळते, आवाज बदलतो, साउंडचेकला बसवलेला गेन शेवटी कमी पडायला लागला. मुलीने चमकेचा लेयर काढून टाकला आणि गेनचा नॉब जो सहज म्हणून नॅनोवर ठेवला होता तो वाढवत राहिली. बघणाऱ्यांना आवडलं, तिला नाही.

वेगळं काय करता येईल

दोन लॅपटॉपचा निर्णय पहिल्याच भेटीत घ्यायला हवा होता. एका लॅपटॉपवर सगळं बसवायच्या नादात जो वेळ गेला तो मॅपिंगला मिळाला असता. दुसरा लॅपटॉप मिळणारच नसेल तर लूपमिडीचा पर्याय वाईट नाही, फक्त लाइव्हमधे त्या पोर्टचं इनपुट बंदच ठेवायचं, नाहीतर गेलेली नोट परत येऊन फिरत राहते आणि लूपमिडी तो पोर्टच बंद करतं. आणि व्हिडिओ ७२०-पीवर आणायचे, ऑडिओचा बफर वाढवायचा, गाणाऱ्याचा आवाज लाइव्हमधून न नेता रिव्हर्ब मिक्सरवरच द्यायचा. ही शेवटची गोष्ट तर आम्ही दोन लॅपटॉप असतानाही करायला हवी होती, ताईला सोपं गेलं असतं.

लय कुणाच्या हातात आहे हे काकांना आणि ताईला आधी विचारायला हवं होतं, सॉफ्टवेअर उघडायच्याही आधी. मुलाने महिनोन्‌महिने लूप बनवले आणि मग ते काढले, ते दुखतं. जे अभंग बीटवर चालतील ते काकांनी पहिल्या बैठकीत सांगितले असते, त्यांना विचारलंच नव्हतं कुणी.

नॅनोची केबल नवीन, आणि टेबलाला टेपने चिकटवलेली. एक जादाची केबल खिशात. मिनी यूएसबी आता प्रत्येक दुकानात मिळत नाही, शोच्या दिवशी शोधत फिरणं शक्य नाही.

पखवाजाच्या माइकऐवजी पुढच्या वेळी धुमाच्या खोडाला पिझो लावून बघायचंय, तो हवेतला आवाज जवळजवळ घेतच नाही, लाकडाची थरथर घेतो, म्हणजे टाळ कितीही वाजले तरी बाहेर राहतील. तो ड्रम मॉड्यूलमधे घालून मिडी नोट काढायची की सरळ ऑडिओच रेझोल्यूमला द्यायचा ह्यावर अजून एकमत नाही. माझं मत ऑडिओच द्यावा, कारण मॉड्यूल थाप लागली की नाही एवढं आणि किती जोरात एवढंच सांगतं, धुमाचा जो घुमारा मागे रेंगाळतो तो नोटमधे येत नाही आणि पडद्यावर मजा त्या रेंगाळण्याचीच होती. मुलीचं म्हणणं नोट स्वच्छ असते, गेनचा त्रास नाही. काकांनी पखवाजाला पिझोची पट्टी चिकटवायला परवानगी दिलीये, ओढ देणाऱ्या वादीला हात लावायचा नाही एवढ्या अटीवर, तेव्हा पुढच्या तालमीत दोन्ही लावून बघणार आहोत.